धडा

जिनिंगच्या फाटकाजवळ, काचेच्या खोलीत
मी काट्यावर बसते.
भरली गाडी, मग रिकामी गाडी,
वजा केली की कापूस.
रिकाम्या वजनाला आमच्यात धडा म्हणतात.
आणि धडा कधी दोनदा सारखा येत नाही:
डिझेल, चाकांचा चिखल,
क्लीनर बसलाय की उतरलाय,
कुणी स्टेपनी काढून ठेवलीय पलीकडं, बाभळीखाली.

नागपूरला माझं पोट कापून केळ्याएवढं केलं
आखाडीच्या आधी.
एकशे एकतीसवरून मी अशी उतरत गेले
जशी करंजीच्या घाटात न्यूट्रलवर सोडलेली मेटाडोर.
दसऱ्याला एकशे चार.
दिवाळीला एकशे चार.
संक्रांतीचे तीळ वाटून झाले,
एकशे चार.

फोनवरची मुलगी म्हणते, शरीर सवय करून घेतंय, मॅडम.
पाणी किती? चालणं किती? प्रोटीन?
मी वही वाचून दाखवते:
अंड्याचं पांढरं, मठाची उसळ चार चमचे,
फाटकापासून गंजीपर्यंत बारा फेऱ्या.
ती म्हणते, छान.
छान म्हटल्यावर फोन ठेवावाच लागतो.

जाऊ म्हणाली, दोन लाख गेले
अन् काटा हाय तिथंच.
काऊन वो कुसुमावती, चोरून खाते काय?
मी काही बोलले नाही.
चोरून खाल्लं असतं
तर निदान चव तरी लागली असती.

येरण्यांच्या पोराच्या लग्नात मी पत्रावळ घेतली नाही,
एक द्रोण मागितला.
वाढप्या म्हणाला, बाईले उपास हाय का बाप्पा?
द्रोणात वरण, वरणात अर्धा रोडगा कुस्करून.
तीस वेळा चावायचं एक घास.
माझ्या दोन्ही बाजूंची पंगत उठली,
दुसरी बसली,
तिच्यातही वांग्याची भाजी माझ्यावरून पुढं गेली
आणि तिचा वास तेवढा थांबला.

कुणाला सांगत नाही, पण
मला भुकेची आठवण येते.
संध्याकाळी पाचला यायची,
शेवटचे बंडे आत जाताना,
ओळखीच्या बाईसारखी, न बोलावता,
चपला दाराशी काढून.
आम्ही दोघी बसायचो तर्रीपोहे घेऊन.
तिला त्यांनी तिकडंच ठेवून घेतलं
आणि मला घरी पाठवलं.

काल रात्री गाड्या संपल्यावर
मी काट्यावर जाऊन उभी राहिले, एकटी,
साठ टनांच्या लोखंडावर.
खिडकीतून दौलतनं आकडा ओरडून सांगितला:
शंभर!
दहा किलोच्या आतलं त्याला कळत नाही.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री एकशे तीस दाखवले होते.
वरचे चार किलो, ज्यांच्यासाठी
मी तीन महिने आरशाशी बोलत नाहीये,
त्याच्या हिशेबात नव्हतेच.
दौलत म्हणाला, खाली या, थंडी वाजंल.

मग झोप येईना.
हाताखालची लोंबती कातडी चाचपत
विचार करत राहिले,
माझ्यातली गाडी किती
आणि कापूस किती?
कुठल्या आकड्याला मी रिकामी?

आज सकाळपासून वाऱ्यानं काटा हलतोय.
मारेगावचा ट्रक चढला,
आकडे मागं, पुढं, मागं.
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पावती द्या, पावती.
मी रोजच्यासारखी ओरडते,
थांबा दादा, काटा स्थिर होऊ द्या,
हिरवा दिवा लागल्याशिवाय मशीन छापत नाही.

ओरडून झाल्यावर जरा वेळ
माझा हात बटणावर तसाच राहतो.

डब्यात अर्धं अंडं उरलंय.
साडेपाचला गजर होईल,
भूक नाही, गजर.
मी झाकण उघडीन.